गुटगुटीत मूल आणि घराचे ताट



दोन वर्षांपूर्वी मे महिन्याच्या सुट्टीत येथे रायपूरला आमच्या मंडळीत मुलांची व्ही. बी. एस. भरली होती. अखेरच्या दिवशी सादर करावयाची दावीद व गल्याथ यांची नाटिका मी लिहिली होती आणि पात्रांची निवडही मीच केली होती. दावीदाच्या भूमिकेसाठी एक चपळ, सडपातळ मुलगा मिळाला. गल्याथ कोण होणार, असा प्रश्न येताच माझी दृष्टी माझ्या नातवाकडे वळली. तो त्या वेळी दहा वर्षांचा होता आणि बरोबरीच्या मुलांपेक्षा अंगाने बराच स्थूल होता. मी त्याचे नाव घेतले मात्र, सारा वर्ग खदखदून हसला. मीही हसलो. तोही हसला.

त्या रात्री तो जेवला नाही. मध्यरात्री पाणी पिण्यास उठलेल्या माझ्या पत्नीला तो स्वयंपाकघरात अंधारात बिस्किटांचा डबा मांडीवर घेऊन बसलेला दिसला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने मला एकच प्रश्न विचारला, "आजोबा, गल्याथ जाड होता असे बायबलमध्ये लिहिले आहे का?"

पवित्र शास्त्राच्या भाषांतराच्या कामात माझे अर्धे आयुष्य गेले आहे. गल्याथाची उंची, त्याच्या चिलखताचे वजन, भाल्याच्या पात्याचे वजन, हे सारे १ शमुवेलच्या सतराव्या अध्यायात तपशीलवार दिले आहे. तो जाड होता असे मात्र तेथे कोठेही म्हटलेले नाही. मूळ संहितेत नसलेला शब्द मी घातला होता आणि तोही माझ्या नातवाच्या माथी मारला होता. मी त्याची क्षमा मागितली. पण क्षमा मागून प्रश्न सुटला नाही, कारण त्याचे वजन त्याच्या वयाच्या मानाने खरोखरच अधिक होते आणि त्याची काळजी घेणे आमचे कर्तव्य होते. मुलाचा मान न दुखविता त्याच्या शरीराची काळजी कशी घ्यावी, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. मी डॉक्टर नाही. बालरोगतज्ज्ञांनी आम्हांला जे समजावून सांगितले, जे मी वाचले आणि आमच्या घरात जे घडले, ते क्रमाने मांडीत आहे.

१. आपले शब्द कोणत्या काळातले आहेत?

दानीएलाच्या पहिल्या अध्यायातील कथा आपणां सर्वांस परिचित आहे. बाबेलच्या राजवाड्यातील पक्वान्ने नाकारून चार इब्री तरुणांनी दहा दिवस साधे अन्न व पाणी घेतले. या अन्नासाठी मुळात जो शब्द आहे त्याचा अर्थ ‘पेरून उगवलेले’ असा होतो, म्हणजे त्यात भाजीपाल्याबरोबर धान्य व कडधान्यही येऊ शकते. दहा दिवसांनंतर ते इतरांपेक्षा कसे दिसले, हे सांगताना पंधराव्या वचनात ‘बारी’ या इब्री शब्दाचे रूप योजले आहे. त्याचा शब्दशः अर्थ ‘अंगाने पुष्ट’ असा आहे. फारोच्या स्वप्नातील धष्टपुष्ट गायींसाठी हाच शब्द आहे (उत्पत्ती ४१) आणि एग्लोन राजाच्या लठ्ठपणासाठीही हाच (शास्ते ३:१७). आजच्या इब्री भाषेत मात्र ‘बारी’ म्हणजे निरोगी.

छत्तीसगढी भाषेतील सहकाऱ्यांबरोबर या वचनावर चर्चा चालली असता एकाने ‘मोटा’ हा शब्द सुचविला. दुसरा म्हणाला, "आज असे लिहिले तर वाचणारा विचारील, ते आजारी पडले काय?" प्राचीन काळी पुष्टता आणि आरोग्य यांसाठी एकच शब्द पुरत असे, कारण अन्न दुर्मीळ होते. आज ते दोन अर्थ वेगळे झाले आहेत.

मराठीचेही असेच आहे. बाळाने ‘बाळसे धरले’ की घर आनंदते. मूल ‘गुटगुटीत’ असावे, ‘अंगाने भरावे’, ‘खात्यापित्या घरचे’ दिसावे, अशी आपली इच्छा असते. याउलट ‘पोर सुकले’, ‘वाळले’ असे कोणी म्हटले की आईच्या काळजाचा ठोका चुकतो. हे शब्द दुष्काळाने आपल्याला शिकविले आहेत. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी मध्य प्रांताची दैना केली. छत्तीसगढ तेव्हा त्याच प्रांतात होते. पंडिता रमाबाई त्या काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुलींना घेऊन आल्या आणि केडगावच्या मुक्ती सदनाची वाढ त्यातूनच झाली. मिशनांच्या अनाथाश्रमांत वाढलेल्या मुलांपासून आपल्यातील कित्येक ख्रिस्ती घराणी सुरू झाली आहेत. माझ्या आजीची आई अशाच एका आश्रमात वाढली. ताटात शीत राहिले तर ती स्वतः उचलून खात असे, असे आजी सांगे. आजीने ती सवय आईला दिली, आईने मला, आणि मी नातवाला रोज सांगत होतो, "ताट स्वच्छ कर."

तात्पर्य, ‘अजून एक पोळी घे’ असे आपण म्हणतो तेव्हा आपल्या तोंडून चार पिढ्यांपूर्वीची भूक बोलत असते. त्यामागे प्रेमच असते. परंतु ज्या घरात आता धान्याचा डबा कधीच रिकामा होत नाही, त्या घरात तेच प्रेम मुलाला जड होऊ शकते.

२. आजचे चित्र

आपल्या देशात उपासमार संपली आहे असे कोणी समजू नये. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार छत्तीसगढमधील पाच वर्षांखालील मुलांपैकी सुमारे एकतृतीयांश मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली होती. पण त्याच सर्वेक्षणात पाच वर्षांखालील अधिक वजनाच्या मुलांचे देशातील प्रमाण ३.४ टक्के आढळले. त्याआधीच्या, २०१५-१६ च्या सर्वेक्षणात ते २.१ टक्के होते. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासानुसार भारतातील ५ ते १९ या वयोगटातील लठ्ठ मुलांची संख्या १९९० मध्ये सुमारे ४ लक्ष होती. २०२२ मध्ये ती सुमारे १ कोटी २५ लक्ष झाली. युनिसेफने २०२५ मध्ये जाहीर केले की, जगात या वयोगटात लठ्ठ मुलांचे प्रमाण प्रथमच कमी वजनाच्या मुलांपेक्षा अधिक झाले आहे.

या बाबतीत पुण्यातील संशोधन आपण विशेष लक्षात ठेवले पाहिजे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील माता व बालके यांचा अभ्यास सुरू केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे सुमारे ३.५ किलो भरले. मात्र आपल्या बालकांत कमतरता होती ती मुख्यतः स्नायूंची. त्वचेखालील चरबी त्या मानाने टिकून होती. डोळ्यांना बारीक दिसणाऱ्या भारतीय शरीरातही चरबीचा अंश अधिक असतो तो असा. म्हणूनच मधुमेहाचा धोका आपल्या लोकांना कमी वजनावर आणि कमी वयात गाठतो. जन्मतः लहान असलेल्या बाळाला भराभर ‘गुटगुटीत’ करण्याची घाई करू नये, हा यातून घेण्यासारखा पहिला धडा होय.

३. वजन अधिक आहे हे कसे ओळखावे?

शेजारणीच्या मुलाशी तुलना करून हे ठरवू नये, आणि आजी-आजोबांच्या नजरेवर तर मुळीच विसंबू नये. किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता जो आकडा येतो, त्यास बी. एम. आय. म्हणतात. प्रौढांसाठी एकच सीमा चालते. मुलांसाठी मात्र ती वय व लिंग यांनुसार बदलते. भारतीय मुलांकरिता ५ ते १८ वर्षांचे वाढीचे तक्ते बालरोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने २०१५ मध्ये सुधारून प्रसिद्ध केले. पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर यांचा त्या कामात प्रमुख वाटा होता. प्रौढ वयातील २३ व २७ या आकड्यांशी जुळणाऱ्या दोन रेषा त्यांत आखलेल्या आहेत. पहिलीच्या वर अधिक वजन आणि दुसरीच्या वर लठ्ठपणा समजावा. आपल्या बालरोगतज्ज्ञांना वर्षातून दोनदा हा तक्ता भरावयास सांगावे. एका नोंदीपेक्षा रेषेची दिशा अधिक महत्त्वाची असते.

येथे एक दिलासा देणारे गणित आहे. समजा, दहा वर्षांच्या मुलाची उंची १४० सेंटिमीटर व वजन ४२ किलो आहे. त्याचा बी. एम. आय. सुमारे २१.४ होतो. वर्षभरात त्याची उंची सहा सेंटिमीटर वाढली आणि वजन तेवढेच राहिले, तर तोच आकडा सुमारे १९.७ वर येतो. एक किलोही न घटविता त्याच्या प्रकृतीत पालट झाला! बहुतेक वाढत्या मुलांच्या बाबतीत वजन उतरविणे हे उद्दिष्ट नसतेच. वजन थोपवून धरावे आणि उंचीला त्याच्या बरोबरीने येऊ द्यावे, इतके पुरे असते. यास्तव उपास, एक वेळचे जेवण बंद करणे, जाहिरातींतील चूर्णे किंवा मोठ्यांची ‘डाएट’ मुलांवर कधीही लादू नये. त्यामुळे वाढ खुंटते आणि चोरून खाणे वाढते.

४. ताट कोणाचे बदलावे?

आम्ही प्रथम जी चूक केली ती सांगतो. नातवाला वेगळे वाढू लागलो. सर्वांच्या पानात पुरी, त्याच्या पानात फुलका. सर्वांना श्रीखंड, त्याला काकडी. आठ दिवसांत त्याच्या गादीखाली चॉकलेटचे कागद सापडले. ज्या घरात एकाच्या ताटावर पहारा बसतो, त्या घरात तो एक जण कैदी होतो.

अमेरिकेतील डॉ. लेनर्ड एप्स्टाइन व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्थूल मुलांच्या दहा वर्षांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष १९९० मध्ये प्रसिद्ध केले. ज्या कुटुंबांत आईवडील व मूल अशा दोघांच्याही सवयींकडे लक्ष पुरविले होते, तेथील मुलांना झालेला लाभ दहा वर्षांनंतरही टिकून होता. जेथे केवळ मुलाकडे लक्ष दिले होते, तेथे तो टिकला नाही. दानीएलाच्या कथेकडेही या दृष्टीने पाहा. साध्या अन्नाला बसलेले ते चौघे होते आणि चौघांनाही एकच अन्न होते. एकट्या दानीएलाला बाजूस बसविले असते तर त्या दहा दिवसांचे काय झाले असते, कोण जाणे!

मग आम्ही सर्वांचेच ताट बदलले. आमच्या उपयोगी पडलेल्या गोष्टी अशा :

(अ) काम वाटून घ्यावे. एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी एक सोपे सूत्र दिले आहे. काय शिजेल, केव्हा वाढले जाईल आणि कोठे बसून खाल्ले जाईल, हे मोठ्यांनी ठरवावे. त्यातले किती खायचे हे मुलाने ठरवावे. तीन जेवणे आणि ठरलेल्या वेळी एक-दोनदा खाऊ, याखेरीज डबे उघडू नयेत. पण पानावर बसल्यावर मुलाच्या घासांची मोजदादही करू नये.

(आ) कमी वाढावे, पुन्हा मागू द्यावे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात साडेतीन वर्षांच्या मुलांनी समोर कितीही वाढले तरी भुकेपुरतेच खाल्ले; पाच वर्षांच्या मुलांनी मात्र अधिक वाढले तेव्हा अधिक खाल्ले. पोट भरल्याची खूण देवाने लेकराच्या ठायी जन्मतः ठेवलेली असते, आपण ती बुजवून टाकतो. ‘ताट स्वच्छ कर’ हे वाक्य आमच्या घरातून आता गेले आहे. अन्न वाया जाऊ नये म्हणून पहिलेच वाढप लहान असते. रानात मान्ना गोळा करणाऱ्या इस्राएल लोकांना ज्याच्या त्याच्या गरजेपुरते मिळाले आणि अधिक ठेवले ते नासले (निर्गम १६). आमच्या आजीची अन्नाबद्दलची आदरबुद्धी आम्ही सोडलेली नाही. ती मुलाच्या पोटातून काढून वाढपाच्या डावात नेली, इतकेच.

(इ) प्रथम पेय बदलावे. बाटलीबंद गोड पेयाच्या ३०० मिलिलिटरमध्ये साधारण ३० ग्रॅम, म्हणजे सुमारे सात चमचे साखर असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शनानुसार वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या दहा टक्क्यांच्या आत असावी, पाच टक्के असल्यास उत्तम. १६०० उष्मांक लागणाऱ्या मुलाला पाच टक्के म्हणजे पाच चमचे होतात. एका बाटलीत दिवसाची मर्यादा ओलांडली जाते! दुधात घालावयाच्या ‘ताकदीच्या’ पावडरींविषयीही सावध असावे. अशी पेये ‘हेल्थ ड्रिंक’ या सदराखाली विकू नयेत, असे केंद्र सरकारने एप्रिल २०२४ मध्ये ऑनलाइन विक्रेत्यांना कळविले, कारण कायद्यात त्या नावाची व्याख्याच नाही. रायपूरच्या उन्हाळ्यात माठातील पाणी, पातळ ताक आणि कमी साखरेचे पन्हे यांनी आमचे भागले.

(ई) गावचे अन्न परत आणावे. आमच्या भागात भाताशिवाय जेवण होत नाही आणि भात सोडण्याची गरजही नाही. पण ताटाचा अर्धा भाग भाजी व कोशिंबीर, पाव भाग डाळ, उसळ, अंडे वा मासळी आणि उरलेला पाव भाग भात किंवा पोळी, असा क्रम लावला की भाताचा ढीग आपोआप ओसरतो. लाल भाजी, चेच भाजी, मुनगा म्हणजे आपला शेवगा, कुळीथ, मूग घालून केलेला चीला, हे सारे येथील बाजारात स्वस्त मिळते. शाळेच्या डब्यात नूडल्सच्या जागी चीला गेला, तेव्हा पहिले चार दिवस तो परत आला. पाचव्या दिवशी रिकामा डबा आला. त्याच्या मित्राने खाल्ला होता, हे नंतर कळले. दुसऱ्या आठवड्यात दोघांसाठी दिला, तेव्हा दोघांनी खाल्ला.

(उ) बंदी घालू नये, घरात आणू नये. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, डोळ्यांसमोर ठेवून मनाई केलेल्या खाऊकडे मुलांचे मन अधिकच ओढ घेते. म्हणून चिप्सची पुडी कपाटावर लपवून ठेवण्यापेक्षा ती विकतच आणू नये. नाताळच्या करंज्या, वाढदिवसाचा केक, जयस्तंभ चौकात गेल्यावर एखादा आलूगुंडा, हे सर्वांनी मिळून, उघडपणे, आनंदाने खावे. सणाला सण राहू द्यावे. रोजचा दिवस मात्र सण करू नये.

शाळांनाही आता काही नियम लागू आहेत. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार अति चरबी, साखर वा मीठ असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकण्यास मनाई आहे. सी. बी. एस. ई. ने मे २०२५ मध्ये आपल्या शाळांना ‘शुगर बोर्ड’ लावण्यास सांगितले. पालकसभेत या दोन गोष्टींची चौकशी करणे आपल्या हाती आहे.

५. अंगण आणि अंथरूण

यरुशलेमेच्या पुनःस्थापनेचे चित्र रेखाटताना जखऱ्या संदेष्ट्याने काय पाहिले? नगरीच्या रस्त्यांवर खेळणाऱ्या मुलामुलींची गर्दी (जखऱ्या ८:५). ज्या गावात मुले बाहेर खेळतात ते गाव सावरलेले आहे, असा त्याचा अर्थ मी घेतो. ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे तरी दम लागेल अशी हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ही शिक्षा म्हणून लादलेली कवायत नसावी. स्थूल मुलाला धावण्याच्या शर्यतीत उभे केले की तो शेवटी येतो आणि पुन्हा मैदानाचे तोंड पाहत नाही. पोहणे, सायकल, लगोरी, बॅडमिंटन, ढोलाच्या तालावर नाचणे, यांपैकी ज्यात त्याला रस वाटेल ते निवडावे. मे महिन्यात रायपूरला दुपारी घराबाहेर पडणे अशक्य असते, म्हणून आम्ही सकाळी सहाला तेलीबांधा तलावाच्या काठी जातो. प्रथम मी त्याच्याबरोबर जात असे. आता मला त्याच्याबरोबर चालावे लागते. माझ्या रक्तातील साखरही त्यामुळे आटोक्यात आली, हा न मागता मिळालेला लाभ.

झोपेचा वजनाशी संबंध आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. ६ ते १२ वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तासांची झोप हवी. झोप अपुरी झाली की भूक वाढते आणि गोडाची इच्छा बळावते. जेवताना दूरदर्शन व मोबाइल बंद, आणि रात्री नऊनंतर सर्वांचे मोबाइल बैठकीच्या खोलीतील टोपलीत, असा नियम आम्ही केला. तो मोडणारा पहिला अपराधी मीच निघालो.

६. जिभेला लगाम

अन्नापेक्षाही कठीण भाग हा आहे. ‘ढोल्या’, ‘भोपळ्या’, ‘हत्ती’ ही नावे आपण लाडाने घेतो असे आपल्याला वाटते. मुलाला ती लाडाची वाटत नाहीत. चिडविण्याने वजन कमी होत नाही. दुखावलेले मूल एकांतात अधिक खाते आणि खेळाच्या मैदानापासून दूर राहते.

आपल्या मंडळ्यांत याच्या जोडीला आणखी एक धोका संभवतो. खादाडपणा हे पाप आहे, असे आपण शिकवितो. मग स्थूल मूल दिसले की मनातल्या मनात निवाडा करून मोकळे होतो. पण वजनामागे आनुवंशिकता असते, गर्भावस्थेतील पोषण असते, घरातील शिजवणे असते, नाक्यावरचे दुकान असते. दहा वर्षांचे मूल बाजारहाट करीत नाही. शिवाय हेही आठवावे की, खुद्द प्रभू येशूलाच त्याच्या विरोधकांनी खादाड ठरविले होते (मत्तय ११:१९). जो शब्द त्याच्यावर फेकला गेला, तो लेकरांवर फेकताना आपला हात थरथरला पाहिजे.

यास्तव वजनाविषयी बोलू नये, सवयींविषयी बोलावे. ‘तू जाड झालास’ याऐवजी ‘आपण सगळे आजपासून संध्याकाळी फिरायला जाऊ’ असे म्हणावे. वजनकाटा घरातून काढून दवाखान्यापुरता ठेवावा. पाहुण्यांनी शेरा मारल्यास मुलाच्या देखत, सौम्यपणे पण स्पष्टपणे त्यांना थांबवावे. उत्तम गुणांचे बक्षीस म्हणून मिठाई देऊ नये आणि रडणे थांबविण्यासाठी बिस्किट देऊ नये. आमच्या शब्बाथ शाळेत पाठांतराचे बक्षीस म्हणून टॉफ्या मिळत. आता रंगपेटी, चेंडू किंवा गोष्टीचे पुस्तक मिळते.

७. डॉक्टरांचा सल्ला केव्हा घ्यावा?

पुढील लक्षणे दिसल्यास विलंब करू नये. मानेच्या मागे किंवा काखेत मखमलीसारखा काळसर पट्टा दिसणे : आपण तो मळ समजून घासत बसतो, पण तो बहुधा इन्सुलिनचे कार्य नीट होत नसल्याची खूण असतो. झोपेत मोठ्याने घोरणे व दिवसा पेंगणे. गुडघा वा खुबा दुखणे, लंगडणे. फार लवकर वयात येणे. वारंवार तहान व लघवी. वजन वाढत असताना उंची मात्र न वाढणे : साध्या स्थूलतेत मुले बहुधा वयाच्या मानाने उंच असतात, म्हणून बुटके व स्थूल मूल असेल तर थायरॉइड किंवा अन्य ग्रंथींची तपासणी आवश्यक ठरते. आणि एक लक्षण मनाचे : मूल शाळेत जाण्यास टाळत असेल, एकटे राहू लागले असेल, तर तेही डॉक्टरांना सांगावे.

समारोप

या दोन वर्षांत माझ्या नातवाचे वजन तीन किलोंनी वाढले आणि उंची बारा सेंटिमीटरने. तक्त्यावरील रेषा हळूहळू खाली वळली आहे. ती सरळ खाली आली नाही. पहिल्या डिसेंबरात ती पुन्हा वर चढली आणि आम्ही खचलो, डॉक्टर म्हणाले, "डिसेंबर सर्वांचाच असतो, जानेवारीत या." तो आजही वर्गातील सडपातळ मुलांत मोडत नाही, कदाचित पुढेही मोडणार नाही. पण तो जिना दम न लागता चढतो, रात्री घोरत नाही आणि स्वयंपाकघरात अंधारात बसत नाही.

यंदाच्या व्ही. बी. एस. मध्ये तीच नाटिका पुन्हा झाली. या वेळी पात्रे मी निवडली नाहीत, मुलांनीच निवडली. माझ्या नातवाने योनाथानाची भूमिका मागून घेतली. गल्याथ म्हणून मुलांनी पुठ्ठ्याचा एक भला उंच पुतळा केला होता, आणि तो, शास्त्रात आहे त्याप्रमाणे, केवळ उंच होता.

वाचक बंधुभगिनींनो, आपल्या घरात असे एखादे लेकरू असेल तर त्याचे ताट मोजण्याआधी आपले ताट पाहा आणि त्याला काही सांगण्याआधी आपले शब्द पारखून घ्या. बाकीचे काम त्याची वाढती उंची आणि देवाने दिलेला वेळ करील.

कुटुंबात चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या घरात मुलाच्या शरीराविषयी कोणते शब्द वापरले जातात? ते मुलाला कसे वाटतात, हे आपण त्याला कधी विचारले आहे काय?

२. दानीएलाचा पहिला अध्याय एकत्र वाचा. चौघांनी मिळून साधे अन्न स्वीकारल्याने एकमेकांना कोणता आधार मिळाला असेल?

३. येत्या आठवड्यात घरातील सर्वांनी मिळून बदलावयाची एक सवय निवडा. ती मुलानेच निवडावी.

४. आपल्या मंडळीतील मुलांच्या कार्यक्रमांत बक्षीस व अल्पोपाहार म्हणून काय दिले जाते? त्यात कोणता बदल सहज करता येईल?